शेवटचं कोण?

नातेला आमच्या इमारतीत राहायला आली तेव्हा तिला स्पॅनिशमधला एकच शब्द येत होता, "ओला", म्हणजे नमस्कार. तोही ती असा दबकत म्हणायची, की ऐकणाऱ्याला वाटावं हिनं काहीतरी ढापलंय. बाई जॉर्जियाची, पन्नाशी ओलांडलेली, हात सुतारासारखे. वरच्या मजल्यावरच्या आन्सेल्मोचं सगळं करायला, त्याच्याच घरात राहायला तिला ठेवली होती. आन्सेल्मोचा जन्म बस चालवण्यात गेला. आता कमरेखालचं अंग लुळं, जीभ मात्र शाबूत.

आमची खरी ओळख झाली ती मंडईत. इथे स्पेनमध्ये, सारागोसाच्या आमच्या मंडईत रांग लावायची पद्धत नाही. गाळ्यापाशी यायचं आणि मोठ्यानं विचारायचं, "शेवटचं कोण?" कुणीतरी "मी" म्हणतं. त्याच्यानंतर आपण. मग खुशाल गप्पा ठोका. नातेला बिचारी खांबासारखी गप्प उभी. मागून आलेल्या बायका भाजीच्या जुड्या घेऊन घरी पोचल्या, हिच्या पिशवीत काही नाही. तिला वाटलं, परकी म्हणून देत नाहीत. भाजीवाल्या पिलारीनला वाटलं, ही कुणाची तरी वाट बघतेय.

"अगं बये, तोंड उघड की," मी म्हटलं. "नाहीतर इथेच तुला मुळं फुटतील."

तिला काही कळलं नाही, पण ती हसली. मग मी तिच्याकडून ते दोन शब्द घोकून घेतले. जिना चढता-उतरता ती पुटपुटायची, "शेवटचं कोण? शेवटचं कोण?" वर जाऊन तिनं ते आन्सेल्मोलाही विचारलं.

"मीच गं," तो म्हणाला. "माझ्या पुढचे सगळे उरकून गेले."

पुढची भाषा तिला त्यानंच शिकवली, म्हणजे त्याचं करता करता ती शिकली. तोंड उघडा, कूस बदला, हळूहळू गिळा. पिलारीनच्या हातावर सुटे पैसे ठेवतानाही म्हणायची, "घ्या, हळूहळू." पिलारीन डोळे पुसेस्तोवर हसायची.

नातेलाची आई गावी होती, दृष्टी जात चाललेली. डोळ्यांत काही उरलंय तोवर तिला भेटून यायचं, एवढाच नातेलाचा ध्यास. पण इथे राहायच्या परवान्याचे कागद नाहीत. एकदा देश सोडला की परत येता यायचं नाही, आणि इथली कमाई थांबली तर तिकडे चूल थांबणार. कागदांसाठी कुणीतरी "ही माझ्याकडे कामाला आहे" असं लिहून द्यायला हवं होतं. आन्सेल्मोची मुलगी बेगोन्या म्हणाली होती, "ईस्टर झाला की करू."

"म्हणजे तोवर मला मरायची बंदी म्हणा," आन्सेल्मो म्हणाला.

"मरायचं नाही," नातेला म्हणाली. "सूप प्यायचं."

त्यानं बरंच प्यायलं हो. पण ईस्टरच्या आधीच, उपासाच्या दिवसांत, गेला.

दफनाआधी त्याला ज्या शवगृहात दर्शनासाठी ठेवलं होतं, तिथे मीच तिला घेऊन गेले. तिच्या अंगावर माझा काळा स्वेटर, केस चापूनचोपून बसवलेले. काचेमागे आन्सेल्मो, अलीकडे बेगोन्याभोवती माणसांचा घोळका. तिला भेटायला सगळेच पुढे सरकत होते. नातेलानं पाहिलं, रांग नाही. ताठ उभी राहिली आणि खणखणीत आवाजात विचारलं, "शेवटचं कोण?"

आन्सेल्मोचा मेहुणा पुटपुटला, "तो काय, काचेमागे." कुणीतरी फिसकन हसलं.

"थट्टा करायला आलीस?" बेगोन्या म्हणाली.

"अगं, थट्टा नाही, तिला एवढंच येतं," मी मध्ये पडले. पण दुःखात कोण कुणाचं ऐकतं? आपलं काय चुकलं ते नातेलाला कळेना. जवळ जाऊन हळूच म्हणाली, "कागद? ईस्टर?"

"आता कुणाकडे कामाला आहेस म्हणून लिहू?" बेगोन्या म्हणाली. "किल्ली खालच्या या आजींकडे ठेवून जा." वाईट बाई नाही ती. खरं तेच बोलली.

मी म्हटलं, मी लिहून देते. वकिलाकडे गेलो. त्यानं माझं विधवेचं पेन्शन पाहिलं, मग माझा कोट पाहिला. "आजी, तुम्ही बाई ठेवलीय हे कोण खरं मानेल?"

नातेला वेस्का नावाच्या दुसऱ्या गावी गेली, एका म्हातारीचं करायला. त्या म्हातारीची वाचा गेलेली. रविवारी नातेलाचा फोन येतो.

"ती बोलत नाही, आजी. मीच बोलते, मीच ऐकते. शिकलेलं विसरायला लागले."

"आई कशी आहे?"

"आता आवाजावरून ओळखते. विचारते, कधी येतेस?"

"मग काय सांगतेस?"

"सांगते, ईस्टरनंतर."

कुठल्या, ते मी विचारलं नाही.