चूलकाकांचा रिकामा डबा

कुठल्याही घरात पाऊल टाकलं की काका आधी हवा हुंगायचे आणि मग विचारायचे, “या घरी चूल कोण पेटवतं?” बटण फिरवलं की शेगडी लागते अशा मिशिगनच्या ट्रॉय गावात हा प्रश्न! हसून हसून आमची मुरकुंडी वळायची. त्यांचं नावच पडलं, चूलकाका.

काका अकोल्याच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेले. मुलाकडे, प्रसादकडे, सहा महिन्यांसाठी आले होते. आमच्या सुना ऑफिसला जाताना आम्हा म्हाताऱ्यांना लायब्ररीत ड्रॉप करायच्या. काका मात्र मागच्याच अपार्टमेंटमधून बर्फ तुडवत चालत यायचे. कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून ते आम्हाला दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज कादंबरीकाराच्या गोष्टी सांगायचे. मी सातवी शिकलेली बाई, त्या लेखकाचं नाव अजून माझ्या जिभेवर बसत नाही. पण गोष्टी बसल्या त्या कायमच्या.

आम्हाला घाई असायची नायक-नायिकेचं जमतं का याची. काका अडवायचे. “ते नंतर. या घरी चूल कोण पेटवतं ते बघा.” मग अंधारात उठून कोळसा वाहणारी मोलकरीण आमच्यासमोर यायची, तिच्या हाताच्या भेगा यायच्या. झिजलेला कोट उसवून, आतली बाजू बाहेर घेऊन पुन्हा शिवणारा कारकून यायचा. पाहुणे गेल्यावर चहाची पत्ती उद्यासाठी वाळत घालणारी बाई यायची. “लेखकाने हे एका ओळीत उरकलंय, वहिनी,” काका म्हणायचे. “तेव्हाच्या वाचकाला ते माहीतच होतं. आपल्याला थांबून बघावं लागतं.”

आमच्यात एक डॉक्टर होते, तीस वर्षं इथे राहिलेले, आता निवृत्त. ते चिडवायचे, “अहो प्रोफेसर, दिस इज अमेरिका! इथे कसली चूल?”

“बरं, हीटरचं बिल कोण भरतं ते सांगा,” काका हसून म्हणायचे. आम्हीही हसायचो. हसण्यासारखं काही नव्हतं, ते पुढे कळलं.

काका लहानपणी वारावर जेवून शिकलेले. आज या घरी, उद्या त्या घरी. एकदा म्हणाले, “जेवणाचं ओझं नाही हो वाटायचं. रोज तोंड आभारी ठेवायचं, त्याचं वाटायचं.” मी ऐकलं आणि सोडून दिलं.

२००१ संपता संपता नोकऱ्या जायला लागल्या. प्रसादचं प्रोजेक्ट गेलं. कंपनीने त्याला बेंचवर बसवलं, म्हणजे नाव कंपनीत आणि पगार बंद. नवं प्रोजेक्ट मिळालं नाही तर बिऱ्हाड गुंडाळून परत. त्याच्या बायकोला, मेघनाला, इथे नोकरीची परवानगीच नव्हती. हे सगळं आम्हाला कानोकानी कळलेलं. त्या घरातून कुणी चकार शब्द काढला नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मेघना पैठणी नेसून हसत आली.

मग आम्ही बायकांनी आम्हाला येतं ते केलं. डबे सुरू केले. सोमवार माझा, बुधवार डॉक्टरीणबाईंचा, असं वाटूनही घेतलं. वार लावून दिले की हो आम्ही त्यांना, आणि आमच्या ध्यानातही आलं नाही! आता आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे, आलेला डबा रिकामा परत करायचा नाही. मेघना करायची नाही. आधी लाडू आले, मग चिवडा, मग नुसता गूळ. “सुगरण आहे हो पोर,” आम्ही म्हणायचो.

एका सोमवारी मी स्वतःच डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. मेघनाने दार उघडलं ते जाकीट घालून, कानटोपी घालून. आत बाहेरच्याइतकाच गारठा. हीटर बंद. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, लायब्ररी उघडल्यापासून बंद होईपर्यंत काका तिथे अंगात कोट ठेवून का बसतात. मेघनाने माझी वांग्याची भाजी काढून घेतली, डबा विसळला, बरणी उपडी करून तळाची साखर त्यात झटकली.

“अगं, राहू दे.”

“असं कसं, मावशी!”

काका खोकत दारापर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, “वहिनी, लहानपणच्या वारांना परतफेड नव्हती. तुमची भाजी आम्हाला महाग पडते हो.” आणि हसले. माझी मान वर होईना.

पुढच्या सोमवारी डबा मी लायब्ररीतच त्यांच्या हातात दिला. “रिकामा आणायचा. नाहीतर मी पुन्हा तुमची एक गोष्ट ऐकणार नाही.”

दुसऱ्या दिवशी काकांनी घासूनपुसून लख्ख केलेला डबा सगळ्यांदेखत माझ्यापुढे ठेवला. डॉक्टरांनी सवयीने झाकण उघडलं. “काय प्रोफेसर, आज सूनबाईंनी काहीच नाही पाठवलं?”

“नाही,” काका म्हणाले. “घरात काही नाहीये, डॉक्टर.”

डॉक्टरांनी झाकण हळूच परत लावलं. मग काकांना खोकल्याची उबळ आली. डॉक्टर उठले, तिथेच त्यांच्या पाठीला कान लावला, आणि त्यांचा चेहरा बदलला. “एक्स-रे काढायला हवा. आजच. मी घेऊन जातो.”

“इन्शुरन्स नाही. आणि पोराच्या डोक्यावर आणखी बिल नको.”

“अरे यार, मी आहे ना!”

काकांनी मान हलवली ती हलवलीच. डॉक्टरांनी औषधं आणून दिली, मेघनाने ती वेळच्या वेळी दिली, काकांनी घेतली. प्रसादला प्रोजेक्ट मिळालं नाही. महिन्याभरात सगळे परत गेले. इतक्या लांबच्या विमानात ती छाती कशी टिकली असेल, देव जाणे. होळीच्या आधी अकोल्याहून फोन आला, काका गेले. न्यूमोनिया.

तो डबा माझ्याकडे आहे. त्यानंतरही मंदी आली, पोरं बेंचवर बसली. मी त्यातूनच भाजी नेते आणि दारातच बजावते, रिकामा आण, नाहीतर पुन्हा यायची नाही. मग कुणी ‘या’ म्हणायच्या आधीच आत शिरते आणि भिंतीच्या कडेला हीटरची जाळी असते ना, तिच्यावर हात ठेवून बघते.