पाऊण तास

त्यांचं खरं नाव फार तर पोस्टमनला माहीत असेल. बाकी सगळा गाव त्यांना पाऊणतास म्हणतो. पाट्या रंगवणं हा त्यांचा धंदा. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'कुत्र्यापासून सावध'च्या, झाडून सगळ्या पाट्या त्यांच्या हातच्या. पण नाव पडलं ते डोंगरातल्या पायवाटेच्या दोन पाट्यांवरून.

ही वाट तशी छोटीच. बसथांब्यापासून निघायचं, दगडी पायऱ्या चढायच्या, किल्ल्याच्या तटाखालून वळसा घ्यायचा, की पलीकडच्या उतारावर सफरचंदाच्या बागा लागतात. त्यांच्या रांगांमधून उतरत गेलं की नदीकाठी बागेचं फाटक. थांब्याशी पाटी होती: 'बागेचं फाटक, पाऊण तास'. फाटकाशी दुसरी: 'बसथांबा, पाऊण तास'. जाताना चढ, येताना त्याहून खडा चढ, पण पाऊण तास म्हणजे पाऊण तास. चौतीस वर्षं दर तिसऱ्या वर्षी पाऊणतास त्याच अक्षरांवरून पिवळा रंग फिरवत आले होते. थरांवर थर बसून 'ऊ'ची शेपटी आंधळ्याच्याही बोटाला लागली असती.

वर्षानुवर्षं माणसं धापा टाकत फाटकाशी पोचायची, घड्याळ बघायची आणि स्वतःच्या वयाला दोष द्यायची. पाटीला कोण दोष देणार? पण यंदा एका कुटुंबाची परतीची बस चुकली, आणि त्यांनी पर्यटन कचेरीच्या वहीत पानभर लिहून ठेवलं. कचेरीतल्या बाई नव्या होत्या, मुलीच्या वयाच्या. त्यांनी ती वही पाऊणतासांच्या पुढ्यात सरकवली.

"काका, एकदा घड्याळ लावून चालून या. जी खरी वेळ येईल ती लिहा. नाहीतर वरून छापील पाट्या येणार आहेत, मग माझ्या हातात काही राहणार नाही."

"पाटी बरोबर आहे," पाऊणतास म्हणाले.

"मग काय, प्रश्नच मिटला. चालून या."

ते घरी आले तेच धुसफुसत. छापील पाट्या! छापील अक्षराला ना वळण ना वजन. आणि वेळ चुकीची कशी असेल? ती काही त्यांनी अंदाजपंचे लिहिली नव्हती. अठ्ठावीस वर्षांचे असताना कचेरीनं दिलेलं घड्याळ मनगटाला बांधून, स्वतःच्या पायांनी मोजली होती. हां, पाय तेव्हा जरा जास्तच घाईत होते, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. त्याच्या आदल्याच आठवड्यात वाणसामानाच्या दुकानात त्यांनी एक मुलगी पाहिली होती. ती बागेत सफरचंदं तोडायच्या कामाला आहे एवढं कळलं होतं. मग पायांना कोण आवरणार? पण घाईतली असली तरी वेळ ती वेळ. दगडावरची रेघ.

तीच मुलगी आता स्वयंपाकघरात उकडलेली अंडी डब्यात भरत होती.

"मीही येते," ती म्हणाली. "डॉक्टरांनी काय सांगितलंय? तुमचा गुडघा दुखरा आहे, एकटं चढायचं नाही."

"तू आलीस की दहा ठिकाणी बसणार."

"दहा नाही. चार ठिकाणी."

सकाळी बरोबर नऊला दोघं थांब्यावरून निघाली. पायऱ्यांच्या निम्म्यातच ती पहिल्यांदा बसली. पाऊणतासांनी खिशातून खडू काढला आणि कठड्यावर 'पाच' लिहिलं.

"हे काय?"

"बसलेली पाच मिनिटं. ही धरायची नाहीत."

"मग धापा टाकलेली धरायची का?"

धापा त्यांनाच लागल्या होत्या.

किल्ल्याच्या तटाखाली पोचेपर्यंत दहाला दहा मिनिटं कमी होती. तटाच्या दगडांतून नेचे वाढले होते आणि बुरुजावर ऊन पडलं होतं. खाली गावाची छपरं दिसत होती आणि एका छपरावर कुणीतरी गादी वाळत घातली होती. अशा सकाळी माणसाचं मन प्रसन्न व्हायला हरकत नव्हती. पण पाऊणतास मनात वजाबाकी करत होते. बसण्याची पाच, बुटाची नाडी सुटली ती दोन, शेळ्यांनी वाट अडवली ती तीन. सगळं वजा केलं तरी चाळीस उरत होती, आणि अजून अख्खी बाग बाकी होती. त्यांचा चेहरा उतरला. चौतीस वर्षं आपण लोकांना खोटं सांगत आलो, आणि वर ताठ मानेनं मिरवलो, हे त्यांच्या जिवाला लागलं.

बायकोनं डबा उघडला आणि अंड्यावर मीठ घालून पुढं केलं.

"खा. रिकाम्या पोटी हरू नये."

ते खाल्लं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं.

पुढं उतार होता, तरी वाटेत ती तिसऱ्यांदा बसलीच. वरच्या रांगेतली झाडं फळांनी वाकली होती, आणि तोडणारी माणसं खालच्या अंगाला कुठंतरी हसत होती. वाट तिसऱ्या झाडाशी वळते तिथं ती थांबली. पाऊणतासांनी कपाळावर आठ्या घातल्या आणि खडू काढला.

"खडू ठेवा," ती म्हणाली. "मला एक सांगा. त्या दिवशी तुम्ही घड्याळ कुठं बघितलंत?"

"कुठल्या दिवशी?"

"मोजायला आला होतात त्या दिवशी."

"फाटकाशी. आणखी कुठं?"

"फाटकाशी तुम्ही गेलाच नव्हतात. मी ह्या झाडाला शिडी लावून वर होते. तुम्ही घामानं निथळत आलात, माझ्याकडं बघितलंत, घड्याळाकडं बघितलंत, आणि म्हणालात, 'पाऊण तास.' मी विचारलं, काय पाऊण तास? तर म्हणालात, 'काही नाही,' आणि आल्या वाटेनं परत पळालात. माझ्याशी बोललेले पहिले शब्द ते तुमचे. मी विसरेन होय?"

पाऊणतासांनी झाडाकडं बघितलं. मग हळूहळू त्यांना ती शिडी आठवली. शिडीवरच्या पायातली निळी चप्पल आठवली, आणि तोंडाला पडलेली कोरड आठवली. पुढचं फाटक मात्र काही केल्या आठवेना. कसं आठवणार? त्यानंतर ते शेकडो वेळा फाटकाशी गेले होते, पण रंगाचे डबे घेऊन गाडीरस्त्यानं, नाहीतर तिच्याबरोबर, आणि तिच्याबरोबर असताना घड्याळ कोण बघतो?

"अगं, मग चौतीस वर्षं बोलली का नाहीस?"

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे." ती जरा लाजली, ह्या वयात. "मला वाटलं, मुद्दाम तसंच ठेवलंय. दर तीन वर्षांनी तुम्ही रंगाचा डबा उचललात की मला छान वाटायचं."

पाऊणतासांना हसू आलं, आणि डोळेही भरून आले. दोन्ही त्यांनी लपवलं नाही. ती चौथ्यांदा बसली ती तिथंच, आणि या खेपेला तेही बसले. किती मिनिटं, ते कुणी लिहिलं नाही.

फाटकाशी पोचल्यावर हिशेब दीड तासाचा निघाला. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच कचेरीत गेले आणि म्हणाले, "बाई, पाटी चुकली होती. माझीच चूक." आठवड्याभरात दोन नवे पत्रे रंगले: खाली पांढऱ्या रंगाचा हात, वर पिवळी अक्षरं, 'दीड तास'. छापील पाट्या आल्या नाहीत. गावानं मात्र नाव बदललं नाही. तोंडात बसलेलं नाव कुठलं सुटायला.

पुढच्या महिन्यात बाई वाट तपासायला गेल्या, तेव्हा वरच्या रांगेत तिसऱ्या झाडाजवळच्या खांबावर त्यांना जुनीच पाटी ठोकलेली दिसली. जाड थरांची, शेपटीवाल्या 'ऊ'ची. वरचं 'बागेचं फाटक' तेवढं पांढऱ्यानं पुसून टाकलं होतं. परत आल्यावर त्यांनी विचारलं, "काका, बसथांब्यापासून तिथवर पाऊण तास, हे बरोबर असेल. पण पाटी कशाला? तिथं तर नुसतं झाड आहे."

पाऊणतास ब्रश पुसत होते.

"आता नुसतं झाडच आहे," ते म्हणाले. "जे होतं ते मी घरी नेलं."