काचेसमोरची मानमोडी

सावेडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका क्लासची नवी इमारत झाली, पुढून सगळी काच. समोरचा कडुनिंब त्या काचेत असा हुबेहूब दिसतो की पाखरांनी फसू नये तर काय करावं! बुलबुल, होले, एकदा तर शिक्राही येऊन आपटला. तिथं झाडलोट करणाऱ्या मावशी मेलेलं पाखरू कागदात गुंडाळून माझ्यासाठी बाजूला ठेवायच्या. "बाई, आज बी एक पडलंय," एवढंच म्हणायच्या, आणि माझं डोकं फिरायचं. काचेपुढे जाळी लावा म्हणून मालकांशी तीनदा भांडून झालं होतं. "बघू, मॅडम." बघू म्हणे!

या हिवाळ्यात त्याच निंबाखाली मानमोडी उतरली. सुतारपक्ष्याच्या कुळातली, पण खोड ठोकत बसत नाही, जमिनीवरच्या मुंग्या टिपते. रंग वाळक्या सालीचा. थंडीपुरती पार उत्तरेकडून येते. इतकी वर्षं पक्षी बघतेय, पण नगरात मला ती कधी दिसली नव्हती. मला कुठला धीर! लगेच आमच्या पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकलं. रविवारी उजाडताच आम्ही सातजण दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन हजर.

ऊन पाठीवर घेऊन उभं राहायचं, ही आमची सवय. पक्षी उजेडात दिसतो, फोटोही बरा येतो. पूर्वेला पाठ करून आम्ही ओळीनं उभे राहिलो. पुढे मानमोडी, तिच्यामागे ती काच. हे सातांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. आणि मी तर त्या काचेवरून गल्ली डोक्यावर घेणारी!

तिचा डोळा नीट दिसेना म्हणून मी पुढे सरकले. "अहो, बास," मागून कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं. मी आणखी एक पाऊल टाकलं. नव्या पोरांना मी याच गोष्टीवरून किती झापलंय! तिनं मुंग्या टिपायचं थांबवलं, मान वर केली. तेव्हा तरी थांबायचं ना. नाही थांबले.

ती उडाली. आमच्याकडे कशाला येईल? समोर काचेत हिरवागार निंब होता, तिकडेच गेली. धडकल्याचा आवाज अगदी लहान झाला.

मी धावत जाऊन तिला उचललं. हातात घेताच तिनं मान सापासारखी वळवली, पिसं फुलवली आणि माझ्याकडे बघून फुत्कारली. वैऱ्याला घाबरवायला ती हेच करते, हे मी कितीदा तरी वाचलं होतं. "व्हिडिओ घ्या, व्हिडिओ!" मागून एकजण ओरडला. त्याच्या मुस्काटात द्यावी असं वाटलं. मी खोकं शोधा, अंधारात ठेवू म्हणजे सावरेल, असं काहीबाही बोलत राहिले. खोकं सापडेपर्यंत मान एका बाजूला कलली ती कललीच.

गलका ऐकून मालक खाली आले. त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं. मग म्हणाले, "चुकलं माझं. उद्याच जाळीवाल्याला बोलावतो. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून या पाखरांना कोणी तरी आहे."

जे वर्षभर मागितलं ते मिळालं होतं. गप्प बसले असते तर चाललं असतं. पण बसवलं नाही. मी म्हणाले, "अहो, मीच हाकलली तिला. मी जवळ गेले म्हणून ती उडाली."

"असं मनाला लावून घेऊ नका, मॅडम," ते म्हणाले आणि कोणाला तरी माझ्यासाठी पाणी आणायला सांगितलं. आमचे सहाही जण माना डोलवून म्हणाले, "तुमचा काय दोष? काचच तशी आहे."

मावशी झाडू घेऊन पायरीवर उभ्या होत्या. त्यांनी पहिल्यापासून सगळं पाहिलं होतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले, त्यांनीही 'न्हाई, बाई' म्हणावं म्हणून. त्यांनी झाडू पायरीला टेकवला. जवळ येऊन त्यांनी माझ्या हातातून मानमोडी काढून घेतली.