अर्धा तास काटा चढता कामा नये

घरी विमान बांधायला घेतलं की विमानाआधी किस्से तयार होतात. आमचं दोन माणसांचं विमान अजून जमिनीवरच आहे, पण किश्शांचं वजन केव्हाच त्याच्यापेक्षा जास्त झालंय. चहाला बसलो की एक तरी निघतोच, आणि बहुतेकांत मूर्ख मीच असते.

आमचं म्हणजे खरं तर आमच्या शेजारच्या नानांचं. कंपनीतून फिटर म्हणून निवृत्त झाल्यावर नानांनी पेणजवळच्या गडब गावात आपल्या भाताच्या शेडमध्ये विमान मांडलं. मी तेव्हा मेकॅनिकलची पदवी घेऊन 'आपल्याकडे कोणी स्वतः काही बनवत का नाही?' असं ज्याला त्याला विचारत फिरत होते. नानांनी उत्तर म्हणून माझ्या हातात पाना दिला.

इंजिन एका जुन्या गाडीचं, रोटरी. त्यात पिस्टन नाहीत, एक गुबगुबीत त्रिकोण आत गरगर फिरतो. हलकं, दणकट आणि भयंकर तापट. त्याला पाण्याने थंड ठेवावं लागतं आणि आमचा तापमानाचा काटा चढत जाऊन आठव्या मिनिटाला पाणी उकळायचं. परवानगीचे कागद वगैरे पुढची गोष्ट. आधी ते अर्धा तास न उकळता चालायला हवं होतं.

कारण तशी अटच होती. नानांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, सांगून टाकलं, "यंदाचं भात झोडून होईस्तवर अर्धा तास चालवून दाखवा. नाय तर शेड माझी. भात काय डोक्यावर ठेवू?" म्हणजे पंख सोडवून माळ्यावर आणि इंजिन पडवीत. नऊ वर्षांचं काम! नानांनी मान डोलावली. आता माघार नाही.

*

पहिला संशय मी पंपावर घेतला. चार दिवस आकडेमोड केली आणि नवा पंप लागेल असं जाहीर केलं. नानांनी ऐकून घेतलं आणि रोह्याहून सलीमभाईंना आणलं. ट्रक-टेम्पोचे रेडिएटर दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलंय. मी लॅपटॉप पुढे केला. त्यांनी तो हळूच बाजूला सरकवला, त्यावर चहाचा ग्लास ठेवला आणि विचारलं की पाणी कुठून भरता?

मी रेडिएटरचं झाकण दाखवलं. ते इंजिनाच्या माथ्यापेक्षा वीतभर खाली होतं.

सलीमभाईंनी माथ्यावरचा एक बोल्ट सैल केला. फुस्स. मग पुन्हा फुस्स. हवा येतच राहिली.

"बेटी," ते म्हणाले, "यात तू पाणी नाय, हवा भरून ठेवलीस."

टेम्पोची एक छोटी टाकी त्यांनी सगळ्यात उंच जागी बसवली. आठाची बारा मिनिटं झाली. पंपाचा विषय मी परत काढलेला नाही.

*

मग रेडिएटरकडे हवा नेणारा बोगदा. मी म्हटलं, तोंड मोठं केलं की हवा जास्त येईल. धीर नव्हताच, नानांना न विचारता करवतीने कापलंसुद्धा. बाराची नऊ झाली.

तोंड लहान हवं आणि मागे बोगदा हळूहळू रुंद होत जायला हवा, हे मी त्यानंतर वाचलं. ड्रॉइंग घेऊन पेणला प्रसादकडे गेले. तो माझ्या वर्गातला, गणपतीच्या कारखान्यात मूर्ती घडवतो. माझ्या सरळ रेषा बघून म्हणाला, "असं पोट नसतं."

मी म्हटलं, हे पोट नाही, हवेचा रस्ता आहे. त्याने ऐकलं नाही. छातीखालून पोट जसं सुटतं, तसा वळसा त्याने शाडूत काढला आणि त्यावरून फायबरचा बोगदा करायचं ठरवलं. पुढे तोच वळसा मला पुस्तकात सापडला. मी अजून त्याला ते सांगितलेलं नाही.

पण तो शाडूचा नमुना मूर्तींच्या रांगेत वाळत होता. सीझनचे दिवस. एक गृहस्थ आले आणि त्यावर आपल्या नावाची चिठ्ठी लावून गेले. प्रसादने फोन करून खुलासा करायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "सोंड नंतर लावाल ना?"

*

त्या पोटाने वीस मिनिटांपर्यंत नेलं. पुढे काटा चढायचाच, आणि इकडे भात कापणीला आलं.

एका दुपारी मी बोगद्यासमोर टेबलफॅन लावून अगरबत्तीचा जुडगा धरला होता, हवा कुठे जाते ते बघायला. धूर रेडिएटरच्या जाळीत न शिरता कडेच्या फटींतून निघून जात होता. मी मोठा रेडिएटर घ्यायच्या गोष्टी करत होते. तेवढ्यात काकी आल्या. पोती किती मावतील हे पावलांनी मोजत होत्या. मोजता मोजता थांबल्या.

"गो, वारा काय येडा हाय? बाजूला मोकळी वाट असताना जाळीतून कशाला घुसंल?"

आणि जुन्या लुगड्याच्या चिंध्या घेऊन स्वतःच फटी बुजवायला बसल्या. चौथ्या फटीशी त्यांच्या लक्षात आलं की आपण कोणाच्या बाजूने काम करतोय. "मी शेड मोजायला आलेले," असं म्हणून तडक निघून गेल्या. नंतर चिंध्यांच्या जागी आम्ही रबराची पट्टी लावली.

*

भात झोडून झालं. शेवटचा दिवस. काकींचंही डोकं फिरलेलं होतं, कारण वारा पडला होता. झोडलेल्या भातातून भुसा उडवायचा तर वारा हवा, आणि तीन दिवस पान हलत नव्हतं.

आम्ही विमान शेडबाहेर काढलं, दोरखंडाने आंब्याला बांधलं. नाना आत बसले, नाकावरचा पंखा गरगरू लागला. मी खिडकीशी, नजर काट्यावर. पंधरा मिनिटं. वीस. वीसला मी श्वास रोखला. काटा जागचा हलला नाही. पंचवीस. नानांचा घाम हनुवटीवरून टपकत होता, इंजिनाचा नाही. एकोणतीस. तीस!

नानांनी डोळे पुसले आणि बंद करायला बटणाकडे हात नेला.

तेवढ्यात मागून कोणीतरी माझा दंड धरला. काकी. पदर नाकावर बांधलेला, केसांत भुसा, हातात सूप. शेपटीच्या बऱ्याच मागे, पंख्याच्या झोतात, ताडपत्री अंथरलेली आणि तिच्यावर स्वच्छ भाताची रास.

त्या माझ्या कानाशी ओरडल्या, "ह्यांना सांग, बंद करू नका. अजून चार पोती हायत."