अनसूयाबाईंचं कार्ड

पांडुरंगराव कॅटलॉगचा ड्रॉवर पुढून मागे, मागून पुढे चाळत होते. आमच्या कन्नड मुलखातल्या शहरात, मंडी मोहल्ल्यात त्यांचं शिलाईचं दुकान. बायको गेल्यावर तिनं रचलेली गाणी त्यांनी हौसेनं छापून घेतली आणि एक प्रत आमच्या लायब्ररीला दिली.

"मॅडम, नोडी, बघा, पुस्तक आहे म्हणता. मग अनसूयाचं नाव का नाही यात?"

मी तिथे कॅटलॉगर होते. पुस्तक कुठल्या प्रकारात बसतं ते बघायचं आणि लेखकाच्या नावाचं कार्ड करून ड्रॉवरात लावायचं, हे माझं काम. या पुस्तकावर मात्र चीफनी, म्हणजे आमच्या मुख्य ग्रंथपालांनी, स्वतःच 'लोकगीतं' असा शेरा मारला होता. लोकगीत साऱ्या समाजाचं, त्याला कोणी एक लेखक नसतो, हा जुना सिद्धांत. आमचा नियम त्याच्यावरच बेतलेला. त्यामुळे संकलक म्हणून पांडुरंगराव कार्डावर चढले आणि अनसूयाबाई गायब झाल्या.

"माझं नाव घेऊन काय करू मी?" ते म्हणाले. "हाक मारायची सवय तिच्या नावाची. ते कुठंतरी असावं, अष्टे, एवढंच."

त्यांना बाहेर बाकावर बसवून मी पुस्तक चीफकडे नेलं.

"सर, यात तिचं शिलाई मशीन आहे. बेळगोळच्या कारखान्यात जाणारा मुलगा आहे. हे साऱ्या समाजाचं कसं?"

"मग कविता म्हणा. वृत्त दाखवा."

वृत्त कुठलं दाखवणार? ओवी सुरू व्हायची, मध्येच शेजारणीशी कन्नडात गप्पा, की पुन्हा ओवी. एम.ए.ला शिकलेलं सगळं मी चीफना ऐकवलं. पूर्वी साहित्यप्रकार म्हणजे पक्के खण मानत. मग म्हणू लागले, प्रकार झाडांसारखे वाढतात आणि वठतात. आता म्हणतात, वाचक कसल्या अपेक्षेनं पुस्तक उघडतो त्यावरही प्रकार ठरतो.

"थिअरी पुरे. या पुस्तकाचा वाचक कोण?"

"बाहेर बसलाय."

"त्याची अपेक्षा काय?"

"बायको भेटावी."

चीफ बराच वेळ पुस्तक चाळत राहिले. मग म्हणाले, "शेल्फ लोकगीतांचंच राहू दे. लेखिकेच्या नावाचं कार्ड करा."

त्यानंतर पांडुरंगराव दुकानाच्या सुट्टीला यायचे. पुस्तक कधी मागितलं नाही, ते घरी होतंच. ड्रॉवर ओढायचे, कार्डावर बोट ठेवून उभे राहायचे आणि जायचे. मला त्या दोघांचा हेवा वाटायचा. माझं नाव कोणी असं शोधत येईल, असं काही माझं आयुष्य नव्हतं.

पुढे कॉम्प्युटर आले. एका पुस्तकाला आता हवे तितके प्रकार लावता येऊ लागले. ड्रॉवर भंगारात निघाले. मी पांडुरंगरावांना स्क्रीनवर नाव दाखवलं. त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि लगेच काढून घेतलं.

"हात लागत नाही हो मॅडम."

भंगारवाला यायच्या आधी चीफना विचारून मी ते कार्ड काढून त्यांना दिलं. कार्डाला खालच्या बाजूला भोक असतं, ड्रॉवरातली सळई त्यातून जाते. त्यांनी त्यात दोरा ओवून कार्ड दुकानातल्या शिलाई मशीनसमोर टांगलं. साहजिकच ते उलटं लोंबू लागलं.

"उलटं झालं हो," दुकानात गेले तेव्हा मी म्हटलं.

"असू दे. मला ते नाव न वाचताही येतं."

नोकरीत मी सिद्धांत बरेच बदलताना पाहिले. माझा अनुभव इतकाच, की प्रकार मागाहून ठरवता येतो, नाव आधी लिहावं.