हरवलेल्या गिऱ्हाइकांचा पंचनामा

निवृत्तीनंतर लोक मला खुनाचे, दरोड्याचे किस्से विचारतात. मला मात्र स्वतःहून सांगावासा वाटतो तो एका वेबसाइटचा तपास. त्याची आठवण निघाली की अजूनही छाती फुगते, आणि ती फुगू द्यायला आता वरिष्ठांची परवानगी लागत नाही.

मी तेव्हा शहरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. पैठणी आणि हिमरू शाली विकणारा एक व्यापारी तक्रार अर्ज घेऊन आला. त्याचं दुकान इंटरनेटवरही चालायचं. वेबसाइटचं नवं पान जुन्यापेक्षा जास्त खपवतं का, हे पाहायला त्यानं चाचणी लावली होती. निम्मी गिऱ्हाइकं जुन्या पानावर पाठवायची, निम्मी नव्या. पाठवणारं साधन एक आणि पोचलेली माणसं मोजणारं दुसरं. दोघांचे आकडे जुळेनात. नव्या पानाकडे पाठवलेली बरीच माणसं तिथं पोचतच नव्हती.

"साहेब, सीधी बात आहे," व्यापारी म्हणाला. "नवं पान त्या पोरीनं बनवलंय. माझं गिऱ्हाईक तीच दुसऱ्याला विकतेय. उचला तिला."

ही पोरगी म्हणजे त्याची वेबसाइट सांभाळणारी, मूळची सोयगावची. भर दुकानात, सगळ्या नोकरांसमोर चोर म्हणून त्यानं तिला हाकललं होतं. बोलावल्यावर ती वडिलांसोबत ठाण्यात आली.

"सर, दोन साधनांत थोडा फरक असतोच," ती म्हणाली. "कुणी पान उघडायच्या आधीच बंद करतं, कुणाचं नेट रखडतं. पण एवढा फरक पडायला नको. शेटना ते मीच आधी सांगितलं होतं."

चोर कधीकधी स्वतःच बोंब मारतो, हे मी नोकरीत पाहिलेलं होतं. तेवढ्यावर मी तिला सोडणार नव्हतो. वडील मात्र हात जोडून उभे होते. "साहेब, गुन्ह्यात नाव आलं तर पोरीला पुन्हा कोन नोकरी देनार? लई इमानी हाय हो ती."

माझा सहायक निरीक्षक दुकानात जाऊन आला. तिथल्या संगणकावर पंचांसमक्ष वेबसाइट पुन्हापुन्हा उघडली. सगळं ठाकठीक. ही चाचणी बसवून देणारा सल्लागारही तिथं होता. आकड्यांत असा फरक यायचाच, असं सांगून त्यानं पंचांना चहासुद्धा पाजला. इकडे पोरीवर गुन्हा दाखल करा म्हणून व्यापाऱ्याचे फोन सुरूच होते.

अशात मुकुंदवाडीच्या एक शिक्षिका तणतणत ठाण्यात आल्या. त्यांनी टेबलावर साडी आपटली.

"पैठणी म्हणून हे पाठवलं बघा! आन् दुकानवाला म्हणतो, तुमची ऑर्डरच आमच्याकडं नाय. मी काय खोटं बोलू का?"

दुकान तेच होतं. मी विचारलं, "बाई, साडी घेतली कुठून?"

"घरी बसून, मोबाईलवर. दुकानात गेले असते तर हे घेतलं असतं का?"

मी खुर्चीतून उठलोच. तक्रारदार दुकानातला, म्हणून आम्ही पंचनामा दुकानात केला होता. पण गिऱ्हाईक नाहीसं होत होतं त्याच्या स्वतःच्या घरी, हातातल्या मोबाईलवर. खरं घटनास्थळ ते होतं, आणि तिथं आमच्यापैकी कुणी फिरकलंच नव्हतं.

पंच आणि सायबर शाखेचा अंमलदार घेऊन मी बाईंच्या घरी गेलो. त्यांनी मोबाईलवर दुकानाची जाहिरात दाबली. फोटो तेच, रंग तेच, पण वेबसाइटचा पत्ता भलताच! अंमलदारानं लगेच उलगडा केला. नव्या पानाकडे निघालेली काही गिऱ्हाइकं चाचणीतूनच या बनावट पानाकडे वळवली जात होती. दुकानातल्याच लोकांची मोजणी होऊ नये म्हणून चाचणीतून दुकानाचं इंटरनेट वगळता येतं. त्यामुळे दुकानात बसून पाहणाऱ्याला हे बनावट पान कधीच दिसणार नव्हतं.

ही सोय पोरीलाही माहीत होती आणि सल्लागारालाही. दोघांना वेगवेगळं बोलावलं. ज्यावर बनावट पान उघडत होतं असा ठाण्यातला मोबाईल पुढे ठेवला आणि म्हणालो, "दुकानाची वेबसाइट उघडून दाखवा."

पोरीनं झटकन उघडली आणि ओरडलीच, "सर, हे माझं पान नाय! कुणी केलं हे?"

सल्लागारानं मोबाईलला हातही लावला नाही. "इथं नेट बरोबर नाही साहेब. दुकानात चला, तिथं दाखवतो."

"नेट चांगलं आहे. तुमच्या आधी एकीनं उघडून दाखवलं," मी म्हणालो. गृहस्थानं पाणी मागितलं, आणि ग्लास संपायच्या आत तो बोलायला लागला. पोलिसांपुढची कबुली कोर्टात टिकत नाही, जप्त माल टिकतो. म्हणून त्याच दिवशी चितेगावजवळच्या त्याच्या गोदामावर छापा घातला. नकली पैठण्यांचे गठ्ठे ठाण्यात आणताना माझे शिपाई वरातीत चालल्यासारखे चालत होते.

व्यापारी पेढे घेऊन आला. "पोरीला सांगा साहेब, उद्यापासून कामावर ये."

ती तिथंच जबाबावर सही करत होती. मान वर करून म्हणाली, "शेट, ज्यांच्यासमोर चोर म्हणालात, त्यांच्यासमोर सांगा."

व्यापारी माझ्याकडे पाहू लागला. मी टोपी चढवली आणि म्हणालो, "चला, मीही येतो."

आरोपी सापडला की आमच्या खात्याचं काम संपतं. ज्याच्यावर खोटा आळ आला, त्याचं नाव चारचौघांत धुऊन देणं कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही. तेही पोलिसाचंच काम आहे, हे मला त्या मुलीनं शिकवलं. पुढे निवृत्तीपर्यंत मी ते चुकवलं नाही.

दुकानात सगळे नोकर गोळा झाले. व्यापारी खाली मान घालून पुटपुटला, "चूक माझी झाली. पोरगी चोर नाही."

ठाण्यात हात जोडून उभे राहिलेले तिचे वडील आता दारात ताठ उभे होते.

"मोठ्यानं बोला शेट," ते म्हणाले. "मागं ऐकू येत नाय."