खाडीतलं औषध

वेसाव्याची एक मावशी आमच्या अंधेरीच्या बिल्डिंगमध्ये मासे घेऊन यायची. मी तेव्हा एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते, म्हणजे काचेच्या बशीत जंतू कसे वाढवायचे ते मुलांना दाखवत होते. मावशीच्या लेखी याचा अर्थ एकच, की मी डॉक्टर आहे. नाही, नाही म्हणून सांगून मी थकले होते. त्यामुळे ऐंशीच्या दशकातल्या एका जूनमध्ये तिनं दारात टोपली उतरवून "गो बाय, एक पेशंट हाय, बघायला चल" म्हटलं, तेव्हा मी नेहमीचं भाषण न देता पायात चपला घातल्या.

पेशंट म्हणजे एक समुद्री कासव निघालं. मावशीच्या घरामागे मासळी धुवायची सिमेंटची टाकी होती, तिच्यात ते बसलं होतं, परातीएवढं. पावसाळ्यासाठी होड्या किनाऱ्यावर ओढण्याआधीच्या शेवटच्या खेपेत ते तिच्या मुलाच्या जाळ्यात अडकलं आणि दोरीनं त्याचा पुढचा पाय खोलवर कापला. कोळी लोक कासवाला देव मानतात. जाळ्यात आलंच तर हळदकुंकू लावून परत सोडतात. पण हे असं सोडलं असतं तर मेलं असतं, म्हणून मावशीनं ते घरी आणवलं. गुरांच्या डॉक्टरनं दोनदा अँटिबायोटिक बदलून पाहिलं, तरी पू थांबत नव्हता.

नारळी पौर्णिमेला मुलगा पहिल्यांदाच तांडेल म्हणून, होडीचा म्होरक्या म्हणून, समुद्रात जाणार होता. मावशीनं त्याला बजावलं होतं, कासव जिवंत परत गेल्याशिवाय होडी हलायची नाही. तिच्या नवऱ्यानं एकदा मेलेल्या कासवाची पाठ घरी आणून भिंतीला टांगली होती. त्याच वर्षी तो होडी घेऊन गेला, तो आलाच नाही. पाठ तिनं मग खाडीत सोडली.

"सोडायला उशीर झाला," एवढंच ती म्हणाली आणि कासवाच्या अंगावर तांब्यानं पाणी घालत राहिली.

मी जखमेतला पू कॉलेजात नेला आणि त्यातला जंतू बशीत वाढवला. वर अँटिबायोटिकच्या चकत्या ठेवल्या, तर पठ्ठ्या प्रत्येक चकतीला खेटून वाढला, म्हणजे एकही औषध त्याला लागू पडत नव्हतं. आमचे विभागप्रमुख निवृत्तीला आले होते. तरुणपणी कॉलऱ्याच्या साथीत त्यांनी जत्रेच्या गावांमधून विहिरींत औषधाच्या कुप्या ओतल्या होत्या. त्या कुप्यांत फाज असत. फाज म्हणजे जंतूंचा फडशा पाडणारे विषाणू, ते माणसाच्या किंवा जनावराच्या वाटेला जात नाहीत. पुढे अँटिबायोटिक आली आणि कुप्या सगळेच विसरले.

"करून बघ," सर म्हणाले. "पण कासव? तुला साधे उंदीर नाही मिळाले?"

फाज हवा तर जंतूंची जिथे रेलचेल तिथे जायचं. मी मावशीच्या घराजवळच्या नाल्याचं पाणी भरून आणलं, बारीक गाळणीतून गाळलं आणि बशीतल्या जंतूंच्या थरावर थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी थराला घावनासारखी भोकं पडली होती, म्हणजे फाजनं तिथले जंतू मारले होते. मी हरखून गेले आणि पाणी कुठलं, कसं गाळलं, सगळं मावशीला सांगून टाकलं.

रोज संध्याकाळी मुलगा कासवाला उचलून ओल्या गोणपाटावर ठेवायचा. मी जखमेत फाजचं औषध सोडायची, तासभर त्याला पाण्यात घालू नका म्हणायची आणि निघायची. आठवडा झाला, पू तसाच. एकदा छत्री विसरले म्हणून परत फिरले, तर मावशी पोटॅशच्या जांभळ्या, जंतुनाशक पाण्यानं ती जखम खसाखसा धूत होती.

माझं डोकंच सटकलं. "मावशी, काय करतेस! अगं, औषध मरतं त्यानं!"

"देवाच्या अंगावर गटार वततेस आनि वर मलाच वरडतेस?" तीही भडकली. "तू गेलीस की रोज धुते मी. पाया पडते आनि धुते."

मी टाकीच्या कडेवर बसले. आठवडाभराची मेहनत फुकट गेल्याचा राग होताच, पण ती वाकून पुन्हा कासवाच्या पाया पडली, तेही मला दिसलं. मुलगा ओट्यावर जाळं दुरुस्त करत होता. त्यानं मान वर केली नाही.

मग मावशीनं विचारलं, "गटाराचंच लागतं काय गो?"

"जंतू असतील तिथलं कुठलंही चालेल."

"मग खाडीचं घे. आमी नारल सोडतो ना, तिथलं. ते घातलंस तर मी हात लावनार नाय."

नाला थोडा पुढे जाऊन त्याच खाडीला मिळतो, हे मला माहीत होतं. तिलाही माहीत होतं. तिनं खाडीला हात जोडले, मग मी बाटली बुडवली. तिचं समाधान व्हावं एवढ्याचसाठी मी ते पाणी नेलं होतं. दुसऱ्या दिवशी बशी बघितली तर भोकं नाल्याच्या पाण्यानं पडलेल्या भोकांपेक्षा मोठी होती. मला त्या बशीचा थोडा रागच आला.

मावशीनं शब्द पाळला. पोटॅशचा डबा तिनं शेजारी देऊन टाकला. हळूहळू पू कमी झाला, जखमेच्या कडा गुलाबी दिसायला लागल्या आणि जुलै संपता संपता कासव टाकीत धडका मारायला लागलं. फाजमुळे, की ते मुळातच चिवट होतं म्हणून, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

"एका कासवावरून काही सिद्ध होत नाही," सर म्हणाले. "उरलेलं औषध जपून ठेव. अजून जनावरांवर करून बघू." कॉलेजचा फ्रिज तेव्हा बंद पडलेला होता, म्हणून ती शेवटची बाटली मी मावशीच्या बर्फाच्या पेटीत ठेवली होती. इतक्या वर्षांच्या नोकरीत माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच काम होतं. त्यातूनच पुढचं औषध वाढवता येणार होतं.

नारळी पौर्णिमेला होडी सजली. पाठीवर हळदकुंकू लावून मुलानं खाडीच्या तोंडाशी कासव पाण्यात सोडलं. एकदा त्याचं डोकं वर आलं, मग ते दिसलं नाही. मावशीनं सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ सोडला. आणि मग पदराखालून माझी बाटली काढून तिचं बूच उघडलं.

"मावशी, थांब! ती माझी आहे!"

"तुजी कशी? हितूनच भरलीस ना?" बाटली उलटी करत ती म्हणाली. "दर्याचं घरात ठेवून पोराला धाडू काय?"

मला रडू यायला लागलं. पुढे मी त्या जागेचं पाणी कितीदा तरी आणलं, पण तशी भोकं पुन्हा पडली नाहीत.

तिनं रिकामी बाटली खाडीत नीट विसळली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. मग सुकाणूवर बसलेल्या मुलाकडे वळून म्हणाली, "आता जा."